माझं नाव जायबंदीत लागलं

आमच्या पेठेत कुणाची पाठ दुखायला लागली आणि महिना झाला तरी थांबली नाही, की त्याला माझ्याकडं पाठवायची रीत पडली आहे. माणूस दारात येतो आणि चप्पल काढायच्या आधीच विचारतो, "आप्पा, तुमचं पहिल्यांदा कसं सुरू झालं?" मग मी सांगतो. सांगून सांगून घसा बसला, म्हणून आता एकदाच लिहून ठेवतो. मी चौथी शिकलो. तीसुद्धा पुरी केली नाही, मास्तरांनी हाकलायच्या आधी मीच सोडली. तेव्हा शुद्धलेखन बघत बसू नका. जो आजारी आहे त्यानं वाचावं, आणि त्याच्या घरच्यांनी तर नक्की वाचावं. औषधाचं जे विचारायचं ते डॉक्टरला विचारा, ते इथं सापडणार नाही.

मला मणक्याचा टीबी झाला होता. आज मी मंगळवार पेठेतून स्टेशनपर्यंत चालत जातो आणि चालतच परत येतो. रिक्षावाला हॉर्न मारून "आप्पा, बसा" म्हणाला तर त्याला माझ्याकडून दोन शब्द ऐकावे लागतात. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणारा मधेच घाबरणार नाही.

पाठीवर पैलवान

सत्त्याण्णव सालची दिवाळी झाली आणि पाठ दुखायला लागली. मी गूळ बाजारात हमालांचा मुकादम होतो, त्याआधी स्वतः हमाल. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, पाठीवर घेऊन गाडी भरलेला माणूस मी. माझ्या लेखी पाठदुखी म्हणजे सर्दी-पडसं. आमच्या कोल्हापुरात तालमी खेळांचे संघही चालवतात; संध्याकाळी मी तालमीच्या हॉकी संघाला शिकवायचो, तिथं वाकलं की कळ यायची. अंगात कणकण असायची, जेवण जात नव्हतं. बायको हौसा म्हणाली, "आवं, सदरा लोंबायलाय अंगावर. दवाखान्यात चला."

मी म्हणालो, "सदरा त्या शिंप्यानंच ढगळा शिवलाय."

दवाखान्याऐवजी तालमीत गेलो. आमच्याकडं पाठ धरली की उपाय एकच. पालथं झोपायचं, तेल लावायचं, आणि पैलवानानं पाठीवर उभं राहून पायानं मणका चोळायचा. वाडवडिलांपासून चालत आलंय. साधी लचक असेल तर गुणही येतो. मी सगळ्यात वजनदार पैलवान निवडला. हलका उभा केला असता तर लोक काय म्हणाले असते? तो बिचारा वरून म्हणत होता, "आप्पा, कायतरी वाजलं की हो आत."

"वाजू दे. गंज निघायलाय. दाब आणि."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून पाय खाली टाकले तर जमीन लागली नाही. पाय जमिनीवरच होते, डोळ्यांनी दिसत होते. मला कळत नव्हते. उभा राहायला गेलो आणि पाणी ओतल्यासारखा खाली आलो.

ज्याची पाठ दुखते त्यानं एवढं तरी ऐकावं. आधी एक्स-रेचा फोटो काढा, मग पैलवान उभा करा.

"बहुतेक"

पोरगा संभाजी उद्यमनगरात टर्नर आहे. तो कामाच्या कपड्यांतच आला आणि मला उचलून सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. आवाज बारीक, पण बोलणं सुरी. त्यांनी फोटो काढला, सुई घालून काही तपासलं आणि दोन दिवसांनी खाटेजवळ येऊन सांगितलं, "आजोबा, तुमच्या मणक्याला टीबी झालाय."

मी म्हणालो, "टीबी छातीत व्हतोय. माझी छाती बगा की. कुणाची असली तर दाखवा."

"छाती चांगली आहे. हा हाडाला झालाय. आत पू साठून नसा दाबल्यात." मग त्यांनी विचारलं, "पाठीवर कुणाला उभं केलं होतं का?"

संभाजीनं छताकडं बघितलं. हौसानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं.

"चालता यील का, तेवढं सांगा," मी म्हणालो.

"गोळ्या एकही न चुकवता घ्यायच्या. मी सांगेन तोवर पडून राहायचं. तसं केलंत तर बहुतेक याल चालायला. हट्ट केलात तर नाही."

आजाराचं नाव ऐकून मला भीती वाटली नव्हती. 'बहुतेक' ऐकून वाटली. मला फक्त एकच पाहिजे होतं, आपल्या पायांवर मैदानात जाऊन माझ्या जागी उभं राहायचं. ती जागा म्हणजे बाकाच्या उजव्या अंगाला, कडेच्या रेषेजवळ. तिथं मी बारा वर्षं उभा होतो. त्या जागेच्या मधे आता एक 'बहुतेक' येऊन बसला होता.

हौसा बाहेर जाऊन रडून आली. येताना चहा घेऊन आली. डोळे लाल होते, पण म्हणाली, "चहात साखर कमी हाय, प्या." आमच्या घरात धीर असाच देतात.

वॉर्डात

दवाखान्यात दिवस कसा जातो ते लिहिलं तर कागद संपेल आणि वाचणारा झोपेल. झाडलोट, गोळ्या, पेज, डॉक्टरांची फेरी, भेटायला येणारे, पुन्हा गोळ्या. एकच गोष्ट सांगतो, कारण ती मला कुणी आधी सांगितली नाही. गोळ्या सुरू झाल्यावर लघवी लाल झाली. मला वाटलं, आतून फुटलो. मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारच्या वॉर्डातली माणसं आली. सिस्टर म्हणाली, "गोळीचा रंग आहे तो, काका. गोळी पोटात गेल्याची पावती समजा." तेव्हा तुम्हीही ओरडू नका.

माझ्या शेजारच्या खाटेवर तुकाराम होता, गगनबावड्याकडचा. वय चाळीसच्या आसपास. फणसाच्या झाडावरून पडून पाठ मोडली होती. कमरेखाली काही नव्हतं. पण तोंड असं की वॉर्ड हसत ठेवायचा. "आमच्याकडं पावसात माणसाच्या अंगावर शेवाळ येतंय आप्पा. हितं कोरड्यात झोपायला मिळालंय, माझी मजाच हाय."

रोज सकाळी डॉक्टरीणबाई आमच्या दोघांच्या पायांना टाचणी टोचायच्या. "कळतंय का?" "न्हाय." "इथं?" "न्हाय." पुढची खाट. रोज तेच. मी मनात म्हणायचो, एकदा टोचलेलं कळू दे, मग साऱ्या जगाला माफ करतो.

एके दिवशी टोचलं.

माझ्या तोंडातून जो शब्द गेला तो इथं लिहीत नाही. बाईमाणसासमोर मी तसा शब्द आयुष्यात काढलेला नाही. डॉक्टरीणबाई थबकल्या, आणि मग अशा हसल्या की त्यांच्या हातातली टाचणी पडली. "द्या शिवी, आजोबा. आणखी एक द्या. अंगठा हलवा बघू."

अंगठा हलला. वाटाण्याएवढा हलला, पण हलला. सिस्टर आली, मावशी आली, सगळ्यांनी येऊन माझा अंगठा बघितला. तुकाराम नंतर हळूच म्हणाला, "आप्पा, रागवू नका. तुमचा हलला तवा मला दिसला न्हाय. मी माझा बगत हुतो."

तेव्हापासून मी माझ्या दुखण्याबद्दल कण्हलो नाही.

लिमिट आणि सवलत

आता तालमीचं सांगायला पाहिजे. माझा आजार आणि तालमीचा एक नियम एकमेकांत असे अडकले की एकाशिवाय दुसरं सांगता येत नाही.

कोल्हापुरात गर्दी फुटबॉलला. हॉकीवाले आम्ही मूठभर, पण इरेला पेटणारे. पुढं काही तालमींना पैसेवाली माणसं मिळाली आणि त्यांनी बाहेरगावचे खेळाडू विकत आणल्यासारखे आणायला सुरुवात केली. एकानं दोन आणले की दुसरा चार आणायचा. आमच्यासारख्या वर्गणीवर चालणाऱ्या तालमी दमल्या. मग सगळ्या तालमींच्या जाणत्यांनी मिळून कमिटी केली आणि कमिटीनं लिमिट घातलं. एका हंगामात संघाच्या मानधनावर ठरल्यापेक्षा जास्त खर्च करायचा नाही, आणि त्यात कोचसुद्धा धरायचा. कुणी "मी फुकट करतो" म्हणाला तरी त्याच्या नावावर नेमलेली रक्कम धरायचीच. कारण फुकट म्हणायचं आणि मागच्या दारानं पाकीट घ्यायचं, ही हुशारी आपल्याकडं काही कमी नाही. हे शेवटचं कलम मी सुचवलं होतं. अजूनही मला ते बरोबर वाटतं.

त्यात एक सवलत ठेवली होती. संघातलं कुणी जायबंदी झालं, आजारी पडलं, आणि डॉक्टरची चिठ्ठी आली, तर तालमीनं त्याचं मानधन देत राहायचं, पण ते लिमिटात धरायचं नाही. तेवढी जागा मोकळी झाली, त्यात दुसरा माणूस घ्यायचा. जायबंदी माणूस बरा होऊन परत आला की त्याची रक्कम पुन्हा आत येणार, आणि बदली माणसाला जायला लागणार. नियम चांगला. पडलेल्याच्या घरची चूल विझत नाही आणि संघही उघडा पडत नाही. पण त्यात एक गोम होती. बरा होऊन आलेल्या माणसापेक्षा खाटेवर पडलेला माणूस संघाला जास्त परवडू शकतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मी वॉर्डात असताना संघाचा कप्तान दिनकर आला. माझ्या हाताखाली तयार झालेला, पोरासारखा. मोसंबी खाली ठेवून उभाच राहिला.

"बोल की. मयताला आलाईस काय?"

"आप्पा, तुमचं नाव जायबंदीत लावू म्हणतोय."

"जायबंदीत? मला? मी काय मैदानात पडलोय? आठ दिवसात येतोय मी."

"आप्पा, डॉक्टर म्हणत्यात, हंगामभर तरी न्हाय."

मी तोंड फिरवलं. चाळीस वर्षांत माझं नाव खेळणाऱ्यांत होतं, शिकवणाऱ्यांत होतं. जायबंदीत कधी नव्हतं. हौसा शेजारी बसून मोसंबी सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "दिनकर, लाव नाव. हे काय म्हणत्यात तिकडं बगू नकोस. मुकादमी गेली, ते मानधन तर येऊ दे घरात." आणि मला फोड देत म्हणाली, "खावा."

नाव लागलं. मोकळ्या जागेत त्यांनी गोलकीपर आणला, कारण आमचा गोल म्हणजे उघडं फाटक होतं. बसवराज नाव, निपाणीच्या पलीकडचा, लिंगायत घरातला, तिशीतला गडी. अर्धं मराठी, अर्धं कानडी. माझ्या आजारपणाच्या जागेवर आलेला माणूस. त्याचं तोंड बघायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

घर

छातीपासून कमरेपर्यंत प्लॅस्टर घालून मला घरी सोडलं. सिमेंटचं पोतं पांघरल्यासारखं वाटायचं. घरी आल्यावर पहिल्यांदा दिसलं ते माझं ताट. वेगळं ठेवलेलं. तांब्याही वेगळा. सून सुनीता नातवाला माझ्या खोलीच्या उंबऱ्यावरून उचलून न्यायची. पोरगं "आजा, आजा" करत हात पसरायचं आणि ती त्याला घेऊन जायची. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर घर पेटलं असतं.

संभाजीनं तिला एकदा तपासणीला बरोबर आणलं. तिनं स्वतःच विचारलं, "बाळाला लागंल का हो?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ह्यांच्या छातीत काही नाही. हाडातला टीबी ताटातून लागत नाही, मांडीवर बसून लागत नाही. बसू दे त्याला आजोबांजवळ." रिक्षात सुनीता सगळी वाट रडत आली. मी म्हणालो, "रडू नगंस. तुझ्या जागी मी असतो तर मीबी पोराला उचललं असतं."

सुनीताचं माहेर कबनूरचं, घरात यंत्रमाग. ती पुढच्या खेपेला माहेराहून मऊ कापडाची गुंडाळीच घेऊन आली. प्लॅस्टरच्या कडेनं पट्ट्या सारून द्यायची, घाम आला की बदलायची. ज्यानं प्लॅस्टरमधली खाज सोसली आहे त्यालाच त्या पट्ट्यांची किंमत कळेल. लेकीनं केलं नसतं एवढं तिनं केलं. मला लेक नाही, पण तरी सांगतो.

गोळ्यांचं खातं हौसाकडं. आधी गोळ्या, मग चहा. मी एकदा म्हणालो, "आता बरं वाटायलंय, आज ऱ्हाऊ दे." तिनं चहाचा कप उचलला आणि माझ्यासमोर स्वतः पिऊन टाकला. पुन्हा मी तसं म्हणालो नाही. बरं वाटायला लागल्यावर गोळ्या सोडणारे मी बरेच बघितले. त्यातले काही आता दिसत नाहीत.

आणि बसवराज. मी त्याचं तोंड बघायचं नाही ठरवलं होतं, पण तो प्रत्येक सामन्यानंतर सायकलवरून यायचा, पॅड काढून तसाच. पहिल्यांदा आला तेव्हा मी भिंतीकडं तोंड केलं. प्लॅस्टरमध्ये कुशीवर वळणं म्हणजे मोठा कार्यक्रम. तो माझं वळून होईपर्यंत उभा राहिला आणि मग खाटेच्या त्या बाजूला जाऊन बसला.

"आप्पा, आज तीन अडवले, एक सुटला. डावीकडनं आला."

मी गप्प.

"तुम्ही असता तर काय सांगितला असता?"

गप्प राहायला किती जमणार? म्हणालो, "पुढं येतोस का जाग्यावरच हुबा ऱ्हातोस?"

"जाग्यावर."

"मग सुटणारच की मर्दा! गोलकीपर हाईस का दाराचा खांब?"

तो हसला. पुढच्या वेळी पुढं येऊन अडवला असं सांगत आला. मग मी त्याची वाट बघायला लागलो. उमेद लागते माणसाला. मला ती सायकलच्या घंटीवर मिळायची.

चिठ्ठी

उन्हाळा लागला. संघ फायनलला गेला होता. बारा वर्षांत पहिल्यांदा. आणि त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी प्लॅस्टर कापलं, चामड्याचा पट्टा घातला आणि म्हणाल्या, "उभे राहा." राहिलो. "चाला." चाललो. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, परत. पाय माझेच होते, पण नवीन चपलेसारखे वाटत होते. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. पट्टा घालून हिंडायला हरकत नाही, गोळ्या मात्र अजून बरेच महिने. 'बहुतेक' संपला.

जाता जाता जुन्या वॉर्डात गेलो. तुकाराम तपासणीसाठी पुन्हा आला होता, चाकाच्या खुर्चीत. मला उभा बघून त्यानं दोन्ही हात वर केले. "आप्पा! मैदानात जावा आता. माझ्यातर्फे एक शिवी द्या तिथं कुणालातरी."

रिक्षात मी चिठ्ठी खिशात ठेवली नाही, हातात धरून आलो.

घरी दिनकरला बोलावलं. बरोबर तालमीचे सेक्रेटरी आले. मी दारात उभा राहून त्यांना घेतलं. उभा! मला वाटलं, आता उचलतात मला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"ब्येस झालं आप्पा," दिनकर म्हणाला. आवाजात ब्येस काही नव्हतं.

सेक्रेटरी म्हणाले, "ही चिठ्ठी अजून कुणाला दाखवली न्हाय न्हवं?"

"का?"

दिनकर खाली बसला. "आप्पा, तुम्ही बरं झाला म्हटल्यावर तुमची रक्कम आत येणार. मग बसवराजला जायला लागंल. फायनलला गोलात कोण हुबा करू? तुम्ही आणि पंधरा दिवस..."

"पंधरा दिवस काय?"

"पडून ऱ्हायला तर. कमिटी भेटायला येते म्हणं, चौकशीला. आली तर तेवढ्यापुरतं खाटंवर."

मी काही बोलायच्या आत हौसा आतून आली. हातात पिठाचा गोळा तसाच. "दिनकर, माझा नवरा उठला आणि तुमच्या तोंडावर बारा वाजलं? मी पाय चोळून चोळून उठवलाय त्येला. आणि तुम्ही म्हणताय, परत झोपवा?"

"काकू, तसं न्हाय..."

"कसं हाय मग?"

दिनकरचे डोळे भरले. त्याचंही काय चुकलं होतं? त्यानं जन्मात फायनल खेळली नव्हती. मी हौसाला म्हणालो, "जा, भाकरी करपंल." आणि त्या दोघांना म्हणालो, "उद्या सांगतो."

ते गेले आणि बसवराज आला. त्याला बातमी लागली होती. तो दारातच उभा राहून माझ्या पायांकडं बघत राहिला, मग वाकून हात लावला. "आप्पा, मी जातो गावाला. तुमची जागा हाय. बिडरी, सोडा की, मला काय, दुसऱ्या हंगामाला दुसरी तालीम."

"फायनल कधी खेळलाईस?"

"न्हाय."

"मग गप बस. चहा पी."

मला सांगायला अडचण नाही, मनात आलं की पंधरा दिवस काय मोठं? एवढं पडलो, आणखी पडू. पाठ माझीच, खाट माझीच. कुणाला काय कळतंय? पण खाटेकडं बघितलं आणि तुकाराम दिसला. ज्याला उठायचं आहे आणि उठता येत नाही, असा माणूस मी शेजारी बघितलेला. त्याच्यासमोर उठलेला माणूस चौकशीला आलेल्यांपुढं डोळे मिटून कण्हणार? खरं आजारपण जवळून बघितलं की खोटं आजारपण अंगाला लागत नाही. मी चोरी केली नसती, आणि हेही केलं नाही.

कमिटीत

सकाळी पट्टा आवळला, वर सदरा घातला आणि कमिटीच्या कचेरीत गेलो. जिना होता. कठडा धरला, पण चढलो. वर दोघे-तिघे चहा पीत बसले होते. मला बघून उठलेच. अध्यक्ष दुसऱ्या तालमीचे, माझ्याविरुद्ध खेळलेले जुने गडी.

"आप्पा! अरं, आम्हीच येणार हुतो भेटायला, मोसंबी घेऊन."

"मोसंबी परत करा. मी बरा झालोय." चिठ्ठी टेबलावर ठेवली. "माझं नाव जायबंदीतनं काढा."

ते खुश झाले. फायनलला त्यांचीच तालीम आमच्यासमोर होती. म्हणाले, "काढतो की. मग बसवराजचं...?"

"थांबा. गडबड करू नका. माझं नाव जायबंदीतनं काढा, आणि संघातनंबी काढा. आजपासनं मी कोच न्हाय. माझी जागा मोकळी. त्यात बसवराज बसतोय."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "आप्पा, एवढं ताणू नका. फायनल एकदाच यायची. बाकावर बसा की नुसतं. मानधन घेऊ नका म्हणजे झालं."

"फुकटाचीबी रक्कम धरायची, हे कलम कुणी सुचवलंय?"

"तुम्ही."

"मग?"

ते हसले आणि मान हलवली. "लई खडूस हाय हो तुम्ही. खेळतानाबी असंच पायात यायचा."

सही इंग्रजीत करत नाही मी, मराठीत केली, ठळक. जिना उतरताना कठडा धरला नाही. हौसा कोपऱ्यावर उभी होती. मला ठाऊकच नव्हतं ती मागून आली ते.

"काढलं नाव?" तिनं विचारलं.

"काढलं."

"बरं," ती म्हणाली. "बाजारातनं वांगी घेऊ या, हितं ताजी असत्यात."

तारेबाहेर

फायनलच्या दिवशी मी मैदानावर गेलो, पण आत नाही. तारेच्या कुंपणाबाहेर, जिथं शेंगदाणेवाले आणि रिकामटेकडे उभे असतात तिथं. हौसानं घरातली घडीची खुर्ची काखेत घेतली होती. संभाजी ती घ्यायला लागला तर म्हणाली, "त्यांच्यासाठी मीच नेणार. पाठ धरली तर कोण निस्तरणार?"

आत माझ्या जागी, कडेच्या रेषेजवळ, दिनकरनं कुणालाच उभं केलं नव्हतं. मी ते बघितलं आणि नजर वळवली.

सामना सुरू झाला. पहिल्या हल्ल्यालाच बसवराज जागेवर खिळला. भ्याला होता. चेंडू खांबाला लागून गेला. माझ्या तोंडातून आपोआप गेलं, "खांबा! पुढं ये! चेंडू तुझ्याकडं चालत येणार न्हाय!"

आवाज माझा गूळ बाजारातला. ट्रकच्या इंजिनवरून हमालांना हाका मारलेला. पलीकडच्या कडेला गेला. बसवराजनं वळून तारेकडं बघितलं, हेल्मेटमधून दात दिसले, आणि तो पुढं आला. मग मी थांबलोच नाही. "दिनकर, उजवी मोकळी हाय! अरं झोपलाय का फुलबॅक? त्येला पाणी मारा!"

समोरच्या तालमीचे लोक धावत अध्यक्षांकडं गेले. "साहेब, हा माणूस कोचिंग करायलाय! ह्याची रक्कम धरा!"

अध्यक्ष उठून तारेजवळ आले. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यांची स्वतःची तालीम खेळत होती, हे विसरू नका. मागं वळून म्हणाले, "तिकीट काढलंय का त्येनं?"

"काढलंय," हौसा म्हणाली, आणि पदराच्या गाठीतून दोन तिकिटं काढून दाखवली.

"मग प्रेक्षक हाय तो. प्रेक्षकाच्या तोंडाला लिमिट घालणारं कलम आपण केलेलं न्हाय. पुढच्या बैठकीत बगू. आता खेळा." आणि मला हळू आवाजात म्हणाले, "लेका, जरा हळू."

हळू? मी तुकारामाची शिवीसुद्धा देऊन टाकली. ज्याला दिली त्याला तिचा मालक कोण ते कळलं नाही.

एका गोलनं हरलो. बसवराजनं बरेच अडवले, शेवटचा सुटला, आणि तो कुणालाही सुटला असता. दिनकर मैदानावर बसून रडला. सगळे तारेजवळ माझ्याकडं आले, घामानं भिजलेले, आणि मी एकेकाला तारेतून बोट घालून सांगत होतो, कुठं चुकलं ते. कुणी ऐकत होतं, कुणी नव्हतं.

मग ध्यानात आलं की मी अजून उभाच आहे. सामना सुरू झाल्यापासून उभा. पाठ आहे की नाही, पाय आहेत की नाहीत, एकदाही आठवलं नव्हतं. मागं वळून बघितलं. घडीच्या खुर्चीत हौसा बसली होती, पाय लांब करून, मांडीवर शेंगांची टरफलं.

"चला की घरी," मी म्हणालो.

"थांबा जरा," ती म्हणाली. "माझं पाय दुखायल्यात."